तुझा बुधवार शेडला देऊ नकोस

पत्र:

ताई, नमस्कार.

मी बेळगावात अनगोळमध्ये राहते, वय 41. एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी साडेसहाला रक्त घ्यायला सुरुवात होते, म्हणून साडेचारला उठून डबे करून निघते. आठवड्याची सुट्टी बुधवारी. त्या दिवशी घरात दुसऱ्या कुणालाच सुट्टी नसते. मिस्टरांची उद्यमबागेत लहान शेड आहे, दोन लेथ आणि एक सीएनसी मशीन, जॉबवर्क करतात. मुलगी दहावीला आहे. सासूबाई 74 वर्षांच्या, माहेर गोकाक तालुक्यातलं.

बुधवारी मी सातपर्यंत झोपते. मुलगी आणि मिस्टर गेले की पिशव्या घेऊन बाहेर पडते. मागच्या बुधवारची यादी देते: गिरणीत जोंधळा, टेलरकडं ब्लाउज, चप्पल शिवायची, वाचनालयातलं पुस्तक बदलायचं, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, मुलीच्या वह्या, मिक्सरच्या भांड्याचं ब्लेड, भाजी, मिस्टरांच्या मशीनला लागणाऱ्या इन्सर्टची, म्हणजे कापायच्या पात्यांची डबी, पुण्याच्या नणंदेला कुंद्याच्या मिठाईचं पार्सल आणि शेजारच्या काकूंचं पासबुक भरून आणायचं. एक-दीडपर्यंत घरी येते, जेवते आणि दोन ते साडेचार जुना मराठी सिनेमा लावते. कृष्णधवल असेल तर फारच बरं. मोबाईल टीव्हीला जोडायला मुलीनं शिकवलंय. सासूबाई शेजारी बसतात आणि सबंध सिनेमाभर बोलतात. मला खरंच यात आनंद होतो, आठवडाभर मी बुधवारची वाट बघते.

पण नणंद म्हणते, "वहिनी, ही काय सुट्टी झाली? कधीतरी आंबोलीला जा, योगाचा क्लास लाव, स्वतःसाठी काहीतरी कर." आणि आता मिस्टरांचा हिशेब बघणारा मुलगा काम सोडून गेलाय. ते म्हणाले, "बुधवारी तू मोकळीच असतेस, शेडमध्ये येऊन बिलं आणि जीएसटीचं बघ की. बाहेरच्याला पैसे कशाला?" मला नाही म्हणता आलं नाही. "बघते" म्हटलं. त्यांना ऑर्डरी कमी आहेत, ते काळजीत आहेत, हे मला दिसतं. मग वाटतं, सिनेमा बघत बसणारी मी कोण? मी दिवस वाया घालवते का?

एक वाचक, अनगोळ

उत्तर:

तुला अगं-तुगं करते, चालेल ना? माझी धाकटी बहीण तुझ्यापेक्षा मोठी आहे.

आधी निकाल सांगते, कारणं मग. बुधवार शेडला द्यायचा नाही. एकदाही नाही, "या महिन्यापुरतं" नाही, "नवीन माणूस मिळेपर्यंत" तर अजिबात नाही. "बघते" म्हणालीस ना, म्हणजे अजून हो म्हटलेलं नाहीस. आपल्याकडं "बघते"चा अर्थ काय होतो ते तुझ्या मिस्टरांनाही ठाऊक आहे.

एवढ्या ठामपणे का सांगते? माझ्या दिरांचं शहापुरात साड्यांचं दुकान होतं. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवायची, रविवारी घरी. दीर एकदा म्हणाले, "वैनी, रविवारी दोन तास वहीत जमा-खर्च लिहून द्या, तुमचं अक्षर चांगलंय." दोन तासच होते आणि अक्षरही खरंच चांगलं होतं. त्या दोन तासांना अकरा वर्षं झाली. मधल्या काळात रविवारी दुपारी बहिणीबरोबर टॉकीजला जायचं आमचं ठरलेलं होतं ते आधी महिन्यातनं एकदा झालं, मग दिवाळीला, मग राहिलंच. दिरांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. दर दिवाळीला साडी द्यायचे, चांगली द्यायचे. तक्रार करावी असं कुणी काही केलंच नाही, म्हणून तर अकरा वर्षं गेली. मी गल्ल्यामागं बसून ज्यांना साड्यांची बिलं लिहून दिली, त्यातल्या निम्म्या बायका खरेदी आटपून मॅटिनीला जायच्या. "येता का बाई?" म्हणून विचारायच्या सुद्धा.

आता तुझ्या पत्रातल्या "मोकळी" या शब्दाकडं येऊया. तो शब्द मिस्टरांचा, पण पत्रात तू तो मुकाट्यानं उतरवून घेतलास, त्यावर एक शब्द बोलली नाहीस. सहा दिवस तू दुसऱ्यांच्या घड्याळावर चालतेस. फास्टिंगवाले उपाशी ताटकळलेले असतात, पीपीचं रक्त जेवणानंतर बरोबर दोन तासांनी घ्यायचं असतं, डॉक्टर राउंडला निघायच्या आत रिपोर्ट हवा असतो. घरी आलीस की कुकर, मुलीचा अभ्यास. बुधवारी मात्र टेलर म्हणाला, "ताई, हुक लावायचे राहिलेत, अर्ध्या तासानं या," तर तू चिडत नाहीस. म्हणतेस, बरं, तोवर चप्पल शिवून येते. चप्पल शिवेपर्यंत एका पायावर उभी राहून रस्त्यावरची माणसं बघतेस. हीच चप्पल सोमवारी ड्यूटीवरनं येताना शिवायची असती तर तुझा जीव कासावीस झाला असता. काम तेच, चपलेचा अंगठाही तोच, पण बुधवारी घाई करायला मागं कुणी नाही. तुला बुधवार आवडतो तो याच्यामुळं, असं मला तुझं पत्र दोनदा वाचल्यावर वाटलं.

मी रिटायर झाल्यापासून असाच एक दिवस ठेवलाय, म्हणून मला तुझी यादी वाचताना मजा आली. सिटी बसमध्ये बसायचं, कंडक्टरकडनं बायकांचं फुकटचं झिरो तिकीट घ्यायचं, सीबीटी स्टँडला उतरून खडेबाजारातनं चालत गणपत गल्लीत शिरायचं. दोन रुपये कमी करायला भाजीवालीशी अर्धी मराठी, अर्धी कन्नड घासाघीस करायची आणि शेवटी तिच्याच भावानं घ्यायचं. गिरणीत आपला डबा रांगेत लावून "माझ्या आधी कुणाचंय?" विचारायचं. जोंधळ्याच्या आधी कुणाचा गहू पडला असेल तर गिरणवाला पहिलं मूठभर पीठ बाजूला काढतो की नाही, यावर नजर ठेवायची. पीठ गरम असताना डबा कडेवर घेतला की थंडीत किती बरं वाटतं! आमची एक पुण्याची पाहुणी हे ऐकून म्हणाली, "ऑनलाइन का नाही मागवत?" मी म्हटलं, मग मी दिवसभर करू काय?

थोडं मास्तरकी करते, सवय जात नाही. आठवड्याची सुट्टी ही कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार सातही दिवस राबायचे, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांना एकत्र करून रविवारची सुट्टी मागितली. ती मिळायला 10 जून 1890 उजाडावं लागलं. कर्नाटकातल्या दुकानं-आस्थापनांच्या 1961 च्या कायद्यातही आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी लिहून ठेवलीय. पूर्ण दिवस, बरं का. "पूर्ण दिवस, फक्त नवऱ्याच्या शेडचे चार तास सोडून" असं त्यात नाही. आणि गंमत बघ, ज्या झिरो तिकिटावर तू अनगोळातनं बाजारात जातेस, ती शक्ती योजना सुरू झाली 11 जून 2023 ला. मध्ये 133 वर्षं आणि एक दिवस. माझ्यासारख्या रिटायर मास्तरणीलाच असले हिशेब सुचतात, सोडून दे.

हिशेबावरनं आठवलं, शेडच्या हिशेबाचं नीट बोलूया, कारण तिथं तुझ्या मिस्टरांची अडचण खरी आहे. हिशेब बघणारा अचानक गेला की लहान कारखानदाराची काय दैना होते ते मी जवळनं बघितलंय. पण त्यासाठी दर बुधवार लागतो हे मला पटलेलं नाही. महिन्याला विवरण भरणाऱ्याला मुख्य तारखा दोनच: विक्रीची बिलं दाखवायची 11 तारीख आणि कर भरून 3बी विवरण टाकायची 20 तारीख. वर्षाची उलाढाल 5 कोटींच्या आत असेल तर तिमाही विवरणाचाही पर्याय आहे, कर तेवढा महिन्याच्या महिन्याला भरावा लागतो. आणि वर्षाकाठी 5 कोटी फिरत असते तर मिस्टरांनी हा विषय तुझ्याकडं काढलाच नसता. म्हणजे दोन लेथ आणि एका सीएनसीच्या जॉबवर्कला महिन्यातनं दोन-तीन बैठका पुरतात, जर रोजची बिलं आणि चलनं रोजच्या रोज एका फाईलला लागत असतील तर. खरी मेख तिथंच असणार. चलन खिशात, बिल गाडीच्या डिकीत, आणि खरेदीची पावती चहाच्या कपाखाली. ते आवरणं मिस्टरांचं काम आहे, तू शेडमध्ये गेलीस तर पहिले सहा बुधवार तेच करशील.

उद्यमबागेत पाच-सहा शेड मिळून एकच हिशेबनीस ठेवतात, तो आठवड्यातनं अर्धा दिवस प्रत्येकाकडं बसतो. शेजारच्या शेडमध्ये कोण येतं ते विचारायला सांग मिस्टरांना. त्याचे पैसे द्यावे लागतील, होय. "बाहेरच्याला पैसे कशाला" या वाक्यात एक गोष्ट दडलीय, घरच्याला द्यायचे नाहीत हे त्यात धरूनच चाललेत. तुला विचारते, शेडमध्ये बसायचं ठरलं असतं तर तुझा पगार किती ठरला होता? हा प्रश्न मिस्टरांना भांडायच्या सुरात विचारू नकोस. पण स्वतःला एकदा विचार.

इथं माझ्याच सल्ल्याला एक टाचणी लावते. हिशेब लिहू नकोस, पण हिशेब तुला माहीत पाहिजे. शेडच्या कर्जावर जामीनदार म्हणून तुझी सही आहे का? सीएनसी घेताना बँकेत तुलाही नेलं होतं का? सही असेल आणि ऑर्डरी कमी झाल्या असतील, तर कुणाचं किती येणं आहे, किती देणं आहे, हप्ता कोणत्या तारखेचा, एवढं तुला तोंडपाठ हवं. त्यासाठी रविवारी संध्याकाळी अर्धा तास मिस्टरांनी तुला वही दाखवायची. तू फक्त बसायचं, विचारायचं आणि चहा त्यांनी करायचा. माझ्या दिरांच्या दुकानात मी अकरा वर्षं लिहिलं आणि दुकान बंद करायची पाळी आली तेव्हा ते मला सगळ्यांत शेवटी कळलं. रोजची जमा-खर्चाची वही माझ्याकडं, कर्जाचे कागद कपाटात. लिहिणारीला सगळं कळतं असं समजू नकोस.

मिस्टरांना सांगायचं कधी आणि कसं? बुधवारी नको, ते दमून आलेले असताना नको. रविवारी दुपारी मटण झाल्यावर माणूस जरा मऊ होतो, तेव्हा काढ. लांबण लावू नकोस. "बुधवार मला लागतो. हिशेबाला माणूस बघूया, मी चार जणांना विचारते. रविवारी मला वही दाखवा." एवढं पुरे. "मला लागतो"च्या पुढं कारण देऊ नकोस. कारण दिलंस की त्या कारणावर चर्चा होते: सिनेमा रात्री बघता येईल की, गिरणीत मुलगी जाईल की. पंधरा मिनिटांत तुझा बुधवार तुकड्या-तुकड्यानं सगळ्यांच्यात वाटला जाईल आणि तूच मान हलवत बसशील. ते जरा फुगतील. फुगू देत. तुझ्या पत्रावरनं माणूस वाईट वाटत नाही, घाबरलेला वाटतो, आणि घाबरलेल्या माणसाला बायको शेजारी बसायला हवी असते. जीएसटी हे निमित्त असू शकतं. बुधवारी सिनेमा संपल्यावर साडेचारला कधीतरी सहज शेडवर चक्कर टाक, भजी घेऊन. वहीला हात न लावता परत ये.

नणंदेचं काय करायचं? काही नाही. तिचं मन चांगलं आहे आणि ती पुण्यात राहते, तिला सुट्टी म्हणजे शहराबाहेर पळणं वाटणारच. आपल्याला बेळगावच्या हवेत राहून आंबोलीचं तेवढं अप्रूप कुठलं! आपल्याकडं जुलैत आठवडाभर ऊन पडत नाही, टॉवेल घरात वाळत घालतो, आणि ही म्हणते पाऊस बघायला जा. योगाचा क्लास तुला हवा असेल तेव्हा लाव. "स्वतःसाठी काहीतरी कर" ही पण शेवटी दुसऱ्यानं दिलेली कामाची चिठ्ठीच झाली.

आता मात्र तुझ्यावर जरा ओरडते. तुझी यादी मी पेन घेऊन मोजली. अकरा कामं. त्यातली टेलर, चप्पल आणि वाचनालय ही तीन तुझी. गिरण, गोळ्या, वह्या, ब्लेड, भाजी ही पाच घराची, त्यातली निदान वह्यांची एक तरी दहावीतल्या मुलीनं करायला हरकत नाही, तिला पाय आहेत. राहिली तीन: इन्सर्टची डबी, कुंदा आणि काकूंचं पासबुक. ही तुझ्याकडं कशी आली? "तू जातेसच आहेस तर" या चार शब्दांनी. मला तर वाटतं तुझा बुधवार शेडकडं सरकायला सुरुवात इन्सर्टच्या डबीपासनंच झालीय. आधी डबी आणून दे, मग बिल आण, मग बिल लिही. डबी उद्यमबागेत मिळत नाही का? मिळते. दुकानदार शेडवर पोचवतो सुद्धा.

पासबुकाचा तर मला वैयक्तिक राग आहे. एकदा शेजारणीचं पासबुक भरायला नेलं आणि सिटी बसमध्ये सीटवर विसरले. दुसरं मिळेपर्यंत ती बाई रोज दारात, "मिळालं काय हो बाई?" पैसे कुठं जात नाहीत, खातं तसंच असतं, हे सांगून माझी जीभ झिजली. नव्या पासबुकाचा खर्च मी दिला आणि वर कुंदाही. तेव्हापासनं माझा नियम आहे, दुसऱ्याची कागदपत्रं पिशवीत घ्यायची नाहीत. काकूंना म्हण, "काकू, पुढच्या बुधवारी तुम्हीच चला की माझ्याबरोबर." आल्या तर तुला बसमध्ये सोबत होईल. नाही आल्या तर पासबुक इतकं तातडीचं नव्हतं.

राहिला सिनेमा आणि तुझ्या सासूबाई. पत्रात तू त्यांच्या बोलण्याबद्दल एकच वाक्य लिहिलंस, पण ते वाक्य दात-ओठ खाऊन लिहिलेलं दिसतंय. काय बोलत असतील याचा मला अंदाज आहे. "ही आता मरणार बघ." "हा पुढं तिचा भाऊ निघतोय." आमची आजी तेच करायची. जत्रेत तंबूतला सिनेमा बघून वाढलेल्या पिढीला गप्प बसून सिनेमा बघायचा असतो हे मान्यच नाही. तंबूत सगळेच बोलायचे, पडद्यावरच्या खलनायकाला शिव्या द्यायचे, रीळ तुटलं की शिट्ट्या मारायचे. त्या 74 व्या वर्षी बदलणार नाहीत आणि तू त्यांना "गप्प बसा" म्हणावंस असं मी सुचवणारही नाही. दिवसभर त्या घरात एकट्या असतात, बुधवारी शेजारी माणूस असतं.

पण एक वेगळी वाटणी करून बघ. तीन बुधवार तुझे, महिन्यातला एक त्यांचा. त्यांचं माहेर गोकाककडचं म्हणतेस, म्हणजे पोरवयात त्यांनी राजकुमारचे कन्नड सिनेमे बघितलेले असणारच. 'बंगारद मनुष्य' लावून दे. तो 1972 चा, म्हणजे त्या तेव्हा एकवीस-बावीसच्या, बहुधा नव्या नवऱ्या म्हणून या घरात आलेल्या. बघ कशा बोलतात ते. तुला कन्नड जेमतेम बाजारापुरती येत असेल तर त्याच समजावून सांगतील, आणि त्या दिवशी त्यांचं बोलणं तुलाच लागेल. "तू चहा ठेव, मी सांगतो पुढचं," म्हणतील. (आमच्याकडच्या बायका "मी सांगतो, मी जातो" म्हणतात ते ऐकून ती पुण्याची पाहुणी अजून हसते. हसू दे.)

आणि तुझ्या तीन बुधवारांपैकी एखाद्या दिवशी कानात हेडफोन घालून आतल्या खोलीत एकटी बघ. सासूबाईंना आधी सांगून. "आज मी एकटी बघणार" हे वाक्य घरात एकदा म्हणून ठेवलंस की बाकीची वाक्यं म्हणायला जड जात नाहीत.

कुठला बघू म्हणून विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण एवढा मोह मला आवरत नाही. आपल्या टिळकवाडीच्या राणी पार्वती देवी कॉलेजात पु. ल. देशपांडे काही काळ शिकवायला होते, हे तुला माहीत असेल. त्यांचा 1953 चा 'गुळाचा गणपती' अजून बघितला नसशील तर बघ. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायक, सगळं त्यांनीच केलंय. म्हणजे अकरा कामांची यादी त्यांच्याकडंही होती, पण सगळी त्यांची स्वतःची. त्यातलं "इंद्रायणी काठी" भीमसेनजींनी गायलंय. ते लागलं की सासूबाईही थोडा वेळ गप्प बसतील, पैज लावते. आणि पाऊस लागलेला असेल, बाजारात जाता येणार नसेल, तर प्रभातचा 1941 चा 'शेजारी' काढ. मिर्झा आणि पाटील, दोघं म्हातारे मित्र, बुद्धिबळ खेळणारे, आणि गावात येणारं धरण. प्रभातवाल्यांनी तो एकाच वेळी मराठीत आणि हिंदीत काढला होता. दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो जरा जास्तच भिडतो, निदान मला तरी. शेवट सासूबाईंना आधी माहीत नसेल तर सांगू नकोस. एवढ्या वर्षांत कधीतरी त्यांनाही धक्का बसू दे.

दिवस वाया घालवतेस का, हा तुझा शेवटचा प्रश्न. मला तो तुझा वाटला नाही. सात वाजता उठून, गरम पिठाचा डबा, शिवलेली चप्पल आणि नवं पुस्तक घेऊन येणाऱ्या बाईला तो पडत नाही. तो तुझ्या कानात कुणीतरी घातलाय. कुणी घातला त्याचं नाव तुझ्याच पत्रात आहे, मी पुन्हा लिहीत नाही, रविवारी मटण आहे.

तुझी,
ताई

ता.क. कुंद्याचं राहिलंच. नणंदेला दुकानाचा फोन नंबर पाठवून दे. हल्ली दुकानवालेच पार्सल करून पुण्याला पाठवतात, पैसेही मोबाईलवरनं घेतात. आणि तिनं पाव किलो जास्तीचा तुझ्या पत्त्यावर मागवला, तर घे.